लाइट असताना लिहिलेलं पत्र

प्रिय बॅटरी,

तुझी आठवण लोकांना लाइट गेल्यावरच येते, आणि तीही रागातच. पंखा मंदावतो, इन्व्हर्टर टीं-टीं करू लागतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "बॅटरी गेली वाटतं." तू खरंच गेलीस का, हे कोणी तपासत नाही. सकाळी दुकानदाराला फोन जातो, संध्याकाळपर्यंत नवी येते आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी पुन्हा तेच वाक्य ऐकू येतं. म्हणून हे पत्र मी मुद्दाम लाइट असताना लिहितेय. उघड लिहितेय, कारण यातलं बरंचसं तुझ्या मालकांनी वाचायला हवं.

मी राहते ते सिविक सेंटर म्हणजे भिलाईच्या टाउनशिपचं मन रमवायचं ठिकाण. इथे कला मंदिर आहे, नेहरू आर्ट गॅलरी आहे, दुकानं आहेत, संध्याकाळची गर्दी आहे आणि चारी बाजूंना पोलाद कारखान्याच्या क्वार्टर्सचे सेक्टर आहेत. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८५९ मध्ये, फ्रान्समध्ये गास्तों प्लांते या शास्त्रज्ञानं शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून तुझी पहिली पूर्वज बनवली. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी ती पहिलीच बॅटरी. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी तुझ्या पोटात आजही तेच आहे: शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि पातळ केलेलं गंधकाम्ल. इतकं जुनं, इतकं पारखलेलं यंत्र घरात असून आपण त्याच्याविषयी इतके अजाण राहावं, याचं मला वाईट वाटतं.

भिलाईत तुझी गरजच काय, असं बाहेरच्या माणसाला वाटू शकतं. छत्तीसगड हे विजेचं राज्य. एकट्या कोरब्याचं एनटीपीसीचं केंद्र २६०० मेगावॉटचं. खुद्द भिलाईत एनटीपीसी आणि पोलाद कंपनी सेल यांच्या संयुक्त कंपनीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. टाउनशिपमध्ये वीज पोचवण्याचं काम कारखान्याचंच खातं करतं, तर सुपेला आणि पॉवर हाउस या भागांतल्या वस्त्यांना राज्याची वितरण कंपनी वीज देते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडचं आणि मग पूर्वेकडचंही ग्रिड कोसळून साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले, तेव्हाही आपलं पश्चिम ग्रिड उभं राहिलं.

पण आपली लाइट जाते ती कोरब्यात कोळसा संपला म्हणून नाही. ती शेवटच्या अर्ध्या-एक किलोमीटरात जाते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अंधड उठतं, गुलमोहराची नाहीतर कडुलिंबाची फांदी तारेवर पडते. पहिल्या पावसात जुन्या केबलच्या जोडात पाणी शिरतं. रात्री सगळीकडचे एसी एकदम लागतात आणि ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडतो. कितीही मेगावॉट निर्माण केले तरी हा शेवटचा तुकडा तसाच राहतो, आणि त्या तुकड्यासाठी तू आहेस.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझ्या मते इथे तू खराब होतेस आणि ते कुणाला कळत नाही, त्याचं कारण लाइट वरचेवर जाणं हे नसून क्वचित जाणं हे आहे.

विदर्भातून भिलाईला आलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना हा फरक चांगला ठाऊक असायला हवा. २००५ नंतरच्या काही वर्षांत अमरावती-यवतमाळकडच्या नातेवाइकांकडे भारनियमन वेळापत्रक लावून व्हायचं. तिथल्या बॅटऱ्या रोज उतरायच्या आणि रोज भरायच्या. झिजायच्या हे खरं, पण कमजोर झाली की घरातल्यांना आठवड्याभरात कळायचं: काल दोन तास चालली, आज दीडच तास चालली. इथे तू महिनोन्‌महिने भरलेल्या अवस्थेत उभी असतेस. इन्व्हर्टर तुला हळूहळू चार्जिंग देत राहतो, हिरवा दिवा लागलेला असतो आणि घरचे निश्चिंत असतात. या काळात आत काय होतं? चार्जिंगबरोबर पाणी कमी होत जातं. तुझ्या उंच ट्यूब्युलर डब्यात जड आम्ल खाली उतरतं आणि वर पातळ आम्ल राहतं, न ढवळलेल्या पन्ह्यात गूळ तळाशी बसावा तसं. पट्ट्यांच्या खालच्या भागावर सल्फेट साचतं, वरच्या भागाला आम्ल अपुरं पडतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचते. आणि हे सगळं त्या हिरव्या दिव्याला दिसत नाही, कारण तो फक्त व्होल्टेज बघतो. भार न टाकता मोजलेलं व्होल्टेज मरायला टेकलेली बॅटरीही चांगलं दाखवते.

म्हणून अंधडाच्या रात्री तू दगा दिलास असं म्हणणं मला पटत नाही. दगा आधीच झालेला असतो, उघडकीला त्या रात्री येतो.

मग करायचं काय? आधी तुझ्या दुखण्याचा प्रकार ओळखायचा. लाइट गेली की क्षणात सगळं बंद पडतं, की पंधरा मिनिटं चालून पडतं, की लाइट असतानाही तू उतरतेस? या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी असतात आणि बहुतेक घरांत तिन्हींवर एकच उपाय होतो: नवी बॅटरी.

क्षणात बंद पडत असेल तर तुझ्याकडे बघण्याआधी तारांकडे बघावं. जाड तारेच्या टोकाला असलेला थिंबल सैल झालेला असतो किंवा त्याच्याखाली पूड साठलेली असते. साधा मल्टिमीटर हवा. घरातले दोन-तीन पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर चालू ठेवून आधी तुझ्या शिशाच्या खुंट्यांवर व्होल्टेज मोजायचं, मग इन्व्हर्टरच्या टोकाशी. पहिल्या ठिकाणी १२.२ आणि दुसऱ्या ठिकाणी ११ आलं, तर बिघाड तुझ्यात नाही, मधल्या वाटेत आहे. इन्व्हर्टर आणि मेन स्विच बंद करून थिंबल काढावा, कोमट पाण्यात खायचा सोडा मिसळून त्या पाण्यानं पूड पुसावी, पण त्याचा थेंबही झाकणातून आत जाऊ देऊ नये. कोरडं करून घट्ट आवळावं आणि वरून व्हॅसलिन लावावं. हे करताना हातातलं कडं, अंगठी, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवावं. धातूचा पाना दोन खुंट्यांना एकदम टेकला तर वितळवणारी ठिणगी उडते. बारा व्होल्टनं झटका बसत नाही म्हणून तू निरुपद्रवी आहेस असं समजू नये.

पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडत असेल तर मग तुझं पोट तपासायची वेळ झाली. सहा कप्पे, सहा झाकणं. आधी पाणी. फ्लोटच्या लाल-हिरव्या खुणा असतात, तरी झाकण उघडून एकदा बघावं, कारण फ्लोट अडकतो. पाणी डिस्टिल्डच हवं. आमच्या नळाला तांदुळा धरणाकडून येणारं, शुद्ध केलेलं, पिण्यासारखं पाणी येतं, पण पिण्यालायक आणि बॅटरीलायक यांत अंतर आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि लोह तुझ्या पट्ट्यांना मारक असतात. आरओचं पाणीही चालत नाही. आणि आम्ल तर कधीच वरून टाकायचं नाही. आम्ल उडून जात नाही, उडतं ते पाणी. पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर भरावं. उतरलेली असताना काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ते फुगून बाहेर येतं. फक्त पट्ट्या उघड्या पडलेल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच पाणी घालावं, मग चार्ज करावं.

पाणी ठीक असेल तर हायड्रोमीटर. आम्लाची घनता मोजणारी काचेची ही स्वस्त नळी प्रत्येक बॅटरीच्या दुकानात मिळते आणि फार थोड्या घरांत असते. पूर्ण भरलेल्या तुझ्या कप्प्यांत ती १२४०च्या आसपास दाखवते. पाच कप्पे १२४० आणि एक ११५० असेल, तर त्याला मिस्त्री लोक "सेल बसला" म्हणतात. तो कप्पा तुला खाली ओढतो, चार्जिंगमध्ये एकटा तापतो आणि पाणीही तोच जास्त पितो. अशा वेळी नवी बॅटरी घेणं रास्त आहे. पण सहाच्या सहा कप्पे सारखेच कमी दाखवत असतील तर घाई करू नये. बहुतेक वेळा तू भुकेली असतेस: चार्जर नीट भरत नाही, किंवा इन्व्हर्टरच्या मागचा बॅटरी-प्रकाराचा स्विच ट्यूब्युलरऐवजी भलतीकडेच असतो. एकदा शांतपणे पूर्ण, लांब चार्जिंग देऊन पुन्हा मोजावं.

तिसरी तक्रार सर्वांत गोंधळात टाकणारी: लाइट गेलीच नाही, तरी सकाळी तू रिकामी. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि साधा असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८०च्या खाली उतरलं की इन्व्हर्टर लाइट सोडून तुझ्यावर येतो. मेच्या रात्री सगळ्या गल्लीचे एसी चालू असताना व्होल्टेज तासन्‌तास तिथेच घोटाळतं. घरचे गाढ झोपेत, बल्ब चालू, आणि तू एकटी ओझं वाहत असतेस. कॉम्प्युटर त्या लाइनवर नसेल तर साधा मोड लावावा. जुन्या वायरिंगच्या घरांत आणखी एक दोष सापडतो: इन्व्हर्टरची लाइन वेगळी ओढताना न्यूट्रल सगळ्यांचा एकच ठेवलेला असतो. त्यानं गळती पकडणारा स्विच (आरसीसीबी) पडतो, कधी दिवे मिणमिणतात, आणि बोल तुलाच लावला जातो. हे काम मात्र घरच्यांनी करू नये, जाणकार वायरमनला बोलवावं.

आता हिशेब. तुझ्या अंगावर १५० एएच, म्हणजे अँपिअर-तास, लिहिलेलं असतं. बारा व्होल्टनं गुणलं की १८०० वॉट-तास, असं दुकानात सांगतात, आणि लोक तो आकडा धरून बसतात. पण तो आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापराचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरचा. जितकं जोरात ओढावं तितकं एकूण कमी मिळतं. १८९७ मध्ये पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे मांडून ठेवलंय. चारशे वॉटचा भार टाकला तर इन्व्हर्टरमधलं नुकसान धरून तुझ्यातून चाळीसेक अँपिअर जातात. कागदावरचे साडेचार तास प्रत्यक्षात अडीचच्या आसपास येतात, आणि तेही तू नवी असताना.

हा हिशेब मी इतका लावून धरते त्याला कारण आहे. भिलाई आता म्हातारी होत चाललेली वस्ती आहे. भट्टीवर, रेल मिलमध्ये आयुष्य काढलेली माणसं इथेच राहिली. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, आखाती देशांत. कितीतरी घरांत आजी-आजोबा दोघंच. कुणाच्या फ्रिजमध्ये इन्शुलिन, कुणाला रात्री नेब्युलायझर, आणि कोविडनंतर काही घरांत कोपऱ्यात ऑक्सिजन कॉन्सेंट्रेटर आलाय. पाच लिटरचं ते यंत्र साधारण तीनशे ते साडेतीनशे वॉट सतत घेतं. म्हणजे वरच्या हिशेबातला जवळजवळ सगळा भार त्या एकट्याचा. त्याच वेळी टीव्ही आणि दोन खोल्यांचे पंखे चालू ठेवले तर श्वासाच्या वेळातून करमणुकीचा वेळ कापला जातो. ज्या घरात असं यंत्र आहे तिथे तुझी लाइन त्या यंत्रासाठी राखीव असावी, आणि तरीही तुझ्या एकटीच्या भरवशावर राहू नये. जवळ एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि तो लावता येणारा एक शेजारी, हे दोन्ही हवेत. सेक्टर ९चं हॉस्पिटल इथून फार लांब नाही, पण रात्रीच्या वादळात, लिफ्ट बंद असताना, दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ते लांबच असतं. इन्शुलिनसाठी फ्रिज तुझ्यावर चालवण्याची गरज नसते. दार न उघडता फ्रिज कित्येक तास गार राहतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो त्यानं तू दचकून बंद पडतेस.

तुला घरात कुठे ठेवतात, हाही माझा एक दुःखाचा विषय आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या गच्च भरलेल्या कोनाड्यात, जिन्याखाली, पश्चिमेच्या बाल्कनीत. भिलाईचा मे महिना ४४-४५ अंशांचा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी तुझं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, म्हणजे पश्चिमेच्या बाल्कनीत पाच वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते. आणि काही घरांत मी तुला देवघराखालच्या कपाटात पाहिलंय, वर समई तेवत असलेली. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात तुझ्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. मोकळ्या, हवेशीर जागी तो उडून जातो. बंद कपाटात साठतो. देवघर हलवावं किंवा बॅटरी हलवावी, पण दोघांना एकत्र ठेवू नये. हे मी कळकळीनं सांगते.

कारखान्यात काम केलेल्या माणसांना यातलं काहीही नवं नाही, आणि तेच मला सारखं जाणवतं. प्लांटमध्ये कुठलंही यंत्र बिघडल्यावरच बघायचं असं नसतं. शटडाऊन ठरलेला असतो, लॉगबुक असतं, शिफ्ट बदलताना आलेला माणूस गेलेल्याकडून आकडे घेतो. ज्या हातांनी तीस-पस्तीस वर्षं ती वही भरली, त्याच हातांच्या घरी तुझ्यासाठी एक पान नाही. ते पान उघडा, एवढीच माझी त्यांना विनंती. महिन्यातल्या एका रविवारी, उजेड असताना, मेन स्विच बंद करून घर एक तास तुझ्यावर चालवायचं. सुरुवातीचं व्होल्टेज, तासानंतरचं व्होल्टेज, सहा कप्प्यांचे सहा आकडे, पाणी किती घातलं, आणि तारीख. मग पुन्हा पूर्ण चार्ज. या तासाभरात तू उतरतेस, नंतरच्या चार्जिंगमध्ये बुडबुडे उठून आतलं आम्ल ढवळलं जातं, आणि तुझ्या उताराची रेघ कागदावर दिसू लागते. यंदाच्या फेब्रुवारीत ११.९ आणि पुढच्या फेब्रुवारीत ११.४ असेल, तर अंधडाच्या आधीच निर्णय घेता येतो. ज्यांच्या घरी दोन बॅटऱ्या जोडून चालतात त्यांनी दोघींचे आकडे वेगवेगळे लिहावेत, आणि बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम बदलाव्यात. जुनीशी जोडलेली नवी लवकरच जुनीच्या पातळीला येते.

छतावर सोलर बसवला की तुझी गरज संपते, असं हल्ली बरेच जण समजतात. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून तर जास्तच. पण अनुदानाखाली बसणारी बरीचशी यंत्रणा ग्रिडला जोडलेली असते, आणि ग्रिडची लाइट गेली की ती नियमानं स्वतःला बंद करून घेते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला त्याच तारेतून वीज लागेल. भर दुपारी छतावर ऊन आणि घरात अंधार, असं होऊ शकतं. बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच गोष्ट वेगळी. तुझी लिथियमची धाकटी बहीणही आता दुकानात दिसते. ती हलकी आहे, पाणी मागत नाही, जास्त खोल उतरली तरी टिकते, पण महाग आहे आणि जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर तिला चालेलच असं नाही. परवडत असेल तर ती घ्यावी, चार्जर विचारून.

शेवटी तुझ्या जाण्याबद्दल. तू पन्नास-साठ किलोची असतेस आणि त्यातलं निम्म्याहून अधिक वजन शिशाचं. म्हणून भंगारवाला तुझ्यासाठी दारात उभा असतो आणि दुकानदारापेक्षा दोनशे-चारशे जास्त देतो. ते जास्तीचे पैसे कुठून येतात हे कळलं की घ्यावेसे वाटत नाहीत. आडबाजूच्या शेडमध्ये तुझं आम्ल गटारात ओतलं जातं, शिसं उघड्या भट्टीत वितळवलं जातं आणि त्याचा धूर तिथल्या लहान मुलांच्या रक्तात जातो. शिसं मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. २००१च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणं विक्रेत्यावर बंधनकारक केलं होतं आणि २०२२च्या नव्या नियमांनी तिची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी, पावतीवर परतीचा उल्लेख लिहून घ्यावा, आणि नेताना तिला आडवी करू देऊ नये. नव्या बॅटरीवर छापलेली उत्पादनाची तारीख बघावी, सहा महिने गोदामात पडलेली असेल तर नको म्हणावं, आणि दुकानातच भार टाकून व्होल्टेज मोजून दाखवायला सांगावं. सिविक सेंटरमधल्या आणि भिलाईतल्या सगळ्याच बॅटरी-विक्रेत्यांना माझी विनंती आहे की हे मोजमाप गिऱ्हाइकानं मागण्याआधीच करावं, आणि नव्या बॅटरीबरोबर हायड्रोमीटर कसा धरायचा हे पाच मिनिटं शिकवावं, विशेषतः ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत अशा आजी-आजोबांना.

तुझी,
सिविक सेंटर, भिलाईची एक रहिवासी